खालच्या आळीचं पाणी

घरात तिला सगळे चिमणी म्हणायचे, कारण तिचा आवाज शेजारच्या खोलीतही धड पोचत नसे. पदवी मिळाली, पण नोकरीचा पत्ता नव्हता. मुलाखतीत ती काय बोलली हे समोरच्यांना कळलंच नाही तर ते तिला घेणार कसे?

शेवटी आत्यानेच पुढाकार घेतला. "नगरपालिकेत शिकाऊ उमेदवार घेताहेत. वर्षभर शिकायचं, बरं काम केलंस तर कायम करतील. चल, ऊठ!"

चिमणीची नेमणूक पाणीपुरवठा विभागात झाली. तिथल्या अभियंता बाई करड्या शिस्तीच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "इथे लोक भांडायलाच फोन करतात. आधी सगळं ऐकून घ्यायचं." ऐकून घेणं चिमणीला छान जमायचं. हळूहळू तिचं बस्तान बसलं.

मग एकदा मोठी जलवाहिनी दुरुस्तीला काढली. "उद्या दिवसभर खालच्या आळीत पाणी येणार नाही. गाडीतून सांगून ये," बाई म्हणाल्या. बाईंनी चिमणीच्या हातात कर्णा दिला. लोकांसमोर बोलायच्या धास्तीत तिची आळ्यांची गल्लत झाली आणि तिने चालकाला सांगितलं, "काका, वरच्या आळीत घ्या." आणि जीव एकवटून तिथे गल्लीगल्लीत ओरडून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या आळीने पिंपं भरून ठेवली होती आणि नळही धो धो वाहत होते. खालच्या आळीच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. माणसं कार्यालयावर चालून आली. एक काकू तर डोक्याला साबणाचा फेस तसाच घेऊन आल्या होत्या.

चिमणी सामानाच्या खोलीत पाइपांच्या ढिगाआड जाऊन बसली. संपलं सगळं, तिला वाटलं. आत्याला कोणत्या तोंडाने सांगू?

दार उघडून बाई आत आल्या. "इथे आहेस होय! रडून झालं?"

"बाई, मी उद्यापासून येत नाही."

"उद्याचं उद्या. मी लोकांना सांगितलंय की चूक आमच्या विभागाची आहे. तुला नकाशा दाखवून पाठवायला हवं होतं, ते मी केलं नाही. आता टँकर निघतोय. नळी धरायला चल."

दुपार कलेपर्यंत चिमणी दारोदार बादल्या भरत होती. पुढच्या दाराला बाईही, साडीचा पदर खोचून, नळी वळवत होत्या. शिव्या दोघींनी सारख्याच खाल्ल्या. फेसवाल्या काकूंचं दार आलं तेव्हा चिमणी आपणहून पुढे झाली.

"काकू, मीच ती. चुकीच्या आळीत सांगून आले. माफ करा."

काकूंनी तिला वरून खालून न्याहाळलं. "मग बघतेस काय? घाल पाणी डोक्यावर! डोळे चुरचुरताहेत मघापासून."

चिमणीने तांब्या तांब्याने पाणी घालून त्यांचे केस स्वच्छ धुतले. केस पुसता पुसता काकूच हसायला लागल्या. शेजारचेही हसले. चिमणीचा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर घोषणा करायला तीच जायची; निघण्याआधी नकाशावर बोट ठेवून बाईंना आळी दाखवायची. वर्ष संपलं आणि तिला कायम केल्याचा आदेश निघाला. आत्याने ती बातमी गल्लीभर केली, तीही कर्ण्याविना.

चिमणी मात्र आधी बाईंच्या टेबलाशी गेली होती. काय काय बोलायचं ते वाटेत घोकलं होतं, पण ऐन वेळी एवढंच सुचलं, "बाई, त्या दिवशी तुम्ही मला घरी पाठवलं असतं तर..."

"पाठवणारच होते," बाई कागदांतून डोकं वर न काढता म्हणाल्या. "पण टँकरवर एक माणूस कमी होता."

चिमणीला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. "तुमचे उपकार आहेत, बाई," ती म्हणाली. आणि ते पलीकडच्या खोलीतही ऐकू गेलं.