मास्तरांनी दिलेले दहा मार्क

आमच्या नागेंद्र मास्तरांनी संकेश्वरात तीस वर्षं गणित शिकवलं, पण कुठल्या पोराला दहापैकी सहाच्या वर मार्क दिलं न्हाईत. असल्या माणसाशी मी संसार केला.

मला चरबीचा कसलासा दुर्मीळ आजार हाय. दंडावर, मांड्यांवर गाठी, नुसतं बोट लागलं तरी जीव जातोय. अकरा वर्षं झाली. बायका म्हणतात, "मंगलाक्का, जेवण कमी करा." अगं, तुझ्या घरचं जेवते व्हय मी?

बेळगावच्या डॉक्टर पारमितांनी आजार ओळखला. विचारलं, "दुखणं दहापैकी किती?" मी तोंड उघडायच्या आत मास्तर म्हणाले, "चार." डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. चारचौघांत नवऱ्याचं खोडायचं कसं? मी हो म्हणून मुंडी हलवली. मग काय, मिळाल्या गोळ्या. सातच्या वर असतं तर सलाइनमधनं दुखणं मारायचं औषध देणार होत्या.

घरी येऊन आधी रडले, मग भांडले. "चारच व्हय?"

"एकदम दहा दिलं तर पुढं काय देणार?"

असं काय! दुसऱ्या खेपेला त्यांच्या सदऱ्याखालच्या बंडीला आतनं, पाठीकडं, वीस चिंचोके शिवून टाकले. गडबडीत त्यांनी तशीच चढवली. बेळगावच्या भरल्या बसमधी मास्तर सदरा काढणार थोडंच?

हत्तरगीपर्यंत गप्प होते. यमकनमर्डीला वळवळ सुरू झाली. काकतीला म्हणाले, "मंगल, पाठीत लई टोचतंय गं. टेकवंना झालंय."

"किती मार्क?"

"आठ!"

"चिंचोके हाईत. मीच शिवल्यात. तुमचं तासाभराचं, काढलं की संपलं. माझं कोण काढणार?"

मास्तरांनी हात मागं नेऊन पाठीवरचे चिंचोके चाचपले. मला वाटलं, आता घरापर्यंत अबोला.

दवाखान्यात डॉक्टरांनी परत विचारलं, "किती?" मास्तर उठून उभे राहिले.

"मागल्या खेपेला तपासण्यात माझी चूक झाली. चार न्हवं. हिला दहा."

आई गं! तीस वर्षांतलं पहिलं दहा. मला हसूबी आलं आणि रडूबी.

दुपारभर सलाइन चाललं. परतीच्या बसमधी त्यांनी भीत भीत माझ्या दंडाला बोट लावलं. मी ओरडले न्हाय.

"आता किती गं? तूच सांग."

"तीन," मी म्हणाले. "आणि तुमचं?"

"आठच."

बंडी त्यांनी दिवसभर अंगातनं काढलीच न्हवती.