खेकडीचा धडा

विजयमालाबाई सोलापुरातल्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायच्या. पुण्यात शिकून आलेली बिनलग्नाची बाई म्हणून गावात त्यांच्याबद्दल बरंच बोललं जाई. त्या लक्ष देत नसत. १९३०च्या जानेवारीत त्या रत्नागिरीला बहिणीकडे जाऊन आल्या आणि येताना खाडीतल्या तिवरांच्या चिखलातल्या दोन खेकड्या स्पिरिटच्या बरणीत घालून घेऊन आल्या.

वर्गातल्या एकाही मुलीनं समुद्र पाहिला नव्हता. मुली नाकाला पदर लावून बरणीभोवती जमल्या. बाईंनी दोन्ही माद्या उताण्या करून दाखवल्या. पोटाखाली एक झडप असते. लहान मादीची निमुळती, त्रिकोणी. वयात आलेलीची रुंद नि गोल, कारण तिथं तिला अंडी धरायची असतात. वाढताना खेकडी कितीदा तरी कवच टाकते, पण हा बदल एकदाच, लहानपणचं शेवटचं कवच टाकताना होतो. तोवर तिच्या पोटी अंडी धरत नाहीत. नर तिला पायांत धरून राखतो, पण तिनं ते कवच टाकेपर्यंत थांबतो.

प्रेमलानं विचारलं, तो थांबलाच नाही तर? बाई म्हणाल्या, थांबतो.

प्रेमला बारा वर्षांची होती. तिचं लग्न ठरलं होतं. मुलींच्या लग्नाला चौदा वर्षांची अट घालणारा कायदा पाडवा झाला की लगेच लागू होणार होता, म्हणून त्या फाल्गुनात सोलापुरात लग्नांची एकच घाई उडाली होती. भटजींना जेवायला सवड नव्हती. कायदा येतोय म्हणून कोवळ्या पोरी उरकून टाकायच्या, हे सगळ्यांना शहाणपणाचं वाटत होतं. प्रेमलाचे वडील वेणीमाधवपंत वकील होते, शाळेच्या कमिटीवर होते, आणि तेही त्याच घाईत होते.

प्रेमलानं घरी ताटावर बसून आईला तो धडा सांगितला. पंत अर्ध्या जेवणावरून उठले.

कमिटीची बैठक भरली. मुलींसमोर असल्या गोष्टी बोलणं हे अश्लील आहे, त्यानं कोवळी मनं बिघडतात, असं पंतांनी सांगितलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. बाईंनी माफी मागावी आणि बरणी फेकून द्यावी, असं ठरलं. विजयमालाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"वकीलसाहेब, खेकडीचं शरीर कधी तयार होतं हे तुमच्या मुलीनं ऐकलं तर ती बिघडते. आणि तिचं स्वतःचं शरीर तयार नसताना तिला सासरी धाडलं, तर त्याला काय म्हणायचं?"

एका सभासदानं बाहेर जाऊन पान थुंकलं. बाईंनी माफी मागितली नाही आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना शाळेत येऊ नका असं कळवण्यात आलं.

त्या भवानी पेठेत दोन खोल्यांत राहत. संतापानं त्यांना जेवण जाईना. नोकरीचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं हे की, ज्या माणसांनी त्यांना निर्लज्ज ठरवलं तीच माणसं उद्या अक्षता टाकून श्रीखंडपुरी जेवणार होती.

चार दिवसांनी, भर दुपारी, प्रेमलाची आई यशोदाबाई दारात उभ्या राहिल्या. पंतांना न सांगता आल्या होत्या. पाणीही न घेता त्यांनी विचारलं, पोर सांगते ते खरं का, तो थांबतो का? बाईंनी हो म्हटलं.

यशोदाबाई भिंतीशी खाली बसल्या. मग म्हणाल्या, "मला अकराव्या वर्षी दिली. पंधरा पुरायच्या आत दोन झाली की. एकही जगलं नाही. सगळे म्हणाले, माझंच नशीब फुटकं. इतकी वर्षं मीही तेच धरून चालले."

कायदा नक्की कधीपासून, एवढं त्यांनी नीट विचारून घेतलं आणि त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पंतांना स्वयंपाकीणबाईंच्या देखत सांगितलं की, त्या प्रेमलाला घेऊन माळशिरसला भावाकडे चालल्या आहेत आणि पाडवा झाल्याशिवाय परतणार नाहीत. पंत ओरडले, मग विनवू लागले, मग मुलाकडच्यांना तोंड कसं दाखवू म्हणून डोकं धरून बसले. त्या निघाल्या. कुर्डुवाडीपर्यंत आगगाडी, पुढं सर्व्हिस मोटार.

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी पंत माळशिरसला पोचले. मेहुणे गंगाधर उसाच्या फडातून आले होते, ते चिखलाच्या पायांनी तसेच उंबऱ्यात उभे राहिले आणि दार अडवून म्हणाले, "दाजी, जेवून जा. पोर येणार नाही." आतून यशोदाबाई बाहेर आल्या नाहीत. पंत न जेवताच परतले.

पाडवा गेला. कायदा लागू झाला, आणि कोर्टात रोज उभं राहणाऱ्या माणसाला तो मोडायची छाती झाली नाही.

जूनमध्ये प्रेमला पुन्हा शाळेत जाऊ लागली. नव्या मास्तरांनी तो धडा वगळला. विजयमालाबाईंना कुणी परत बोलावलं नाही. त्या घरीच मुलींच्या शिकवण्या घेऊ लागल्या. प्रेमला एकदा त्यांना भेटायला आली, तेव्हा त्यांनी वर्गातल्या इतर मुलींची चौकशी केली. तिनं सांगितलं, तिघी आता येत नाहीत, त्यांची लग्नं फाल्गुनातच झाली. एकीला तर सासरी नेलंसुद्धा.

बाईंनी तिघींची नावं विचारली. त्यातलं एकही त्या पुढं कधी विसरल्या नाहीत, आणि त्या फाल्गुनात अक्षता टाकणाऱ्या कुणाच्याही घरी त्यांनी पुन्हा पाऊल ठेवलं नाही.