चुकलं माझं

दवाखान्याच्या वॉर्डात एक रीत असते. सिस्टर ओरडली की मावशीनं आधी "चुकलं माझं" म्हणायचं, आणि मग काय झालंय ते बघायचं. बेडपॅन कुणी सांडलं, सलाइनचा स्टँड कुणी पाडला, याच्या खोलात शिरायचं नाही. "चुकलं माझं, सिस्टर" म्हटलं की सिस्टरचा पारा उतरतो, डॉक्टरांचा राउंड पुढे सरकतो, आणि दुपारी तीच सिस्टर आपल्या डब्यातली भाजी मावशीच्या पोळीवर वाढते. ते शब्द कुणी खरे धरत नाही. कुरकुरणाऱ्या दाराला तेल घालतात ना, तसले ते शब्द.

आमच्या मावशीनं अर्धी हयात अशी तेल घालण्यात काढली. नवरा गेला, लेकीला नर्सिंगला घातलं, आणि मग एका एजन्सीतर्फे ती परदेशी गेली, एका म्हातारीला सांभाळायला. तिथे गेल्यावर तिनं नाव सांगितलं ते 'मावशी' असंच. म्हातारीला ते जमेना. ती 'माशी' म्हणायची. "घ्या!" मावशी लेकीला फोनवर म्हणाली, "सातासमुद्रापार आले ती माशी व्हायला!"

म्हातारीशी तिचं छान जुळलं. भाषा वेगळी, पण आंघोळ घालताना, केस विंचरताना, घास भरवताना भाषा लागते कुठे? हातवारे आणि दोन-चार शब्द पुरायचे. म्हातारीला भिंतीवरच्या मांजराच्या कॅलेंडरकडे बघून जोरात शिंकायची खोड होती, आणि शिंकून झालं की ती स्वतःच खुदकन हसायची. मावशीही हसायची. त्या घरात हसणाऱ्या त्या दोघीच.

तिसरी होती म्हातारीची लेक. मॅडम. घरूनच ऑफिस चालवायची, कानाला सतत फोन, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. कपाचा कान तुटला: मावशीनं तोडला. गीझर चालू राहिला: मावशीनं ठेवला. टीव्हीचा रिमोट सापडेना: मावशीनं कुठेतरी टाकला. तो मॅडमच्याच पर्समधून निघाला, तेव्हासुद्धा "तूच माझ्या पर्सला हात लावलास" म्हणून आणखी एक फैर झडली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पण मावशी आपली वॉर्डातल्या रीतीनं चालली होती. "सॉरी, मॅडम." झालं.

फक्त इथे ते तेल चालेना. वॉर्डातली सिस्टर "चुकलं" ऐकलं की गप्प व्हायची. ही बाई विचारायची, "मग केलंस कशाला?" आता न केलेलं कशाला केलं, याचं उत्तर कोण देणार? मावशी पुन्हा "सॉरी" म्हणायची. सॉरीवर सॉरी.

"आई, तू न केलेलं कबूल का करतेस गं?" लेक फोनवर चिडायची.

"अगं, शब्दच आहे तो. शब्दानं अंगाला भोकं पडत नाहीत."

पहिल्या-पहिल्यांदा तिला रात्री रडू यायचं. मग नुसता राग यायचा. मग तोही येईनासा झाला. मॅडम तोंडासमोर बोट नाचवत उभी असायची आणि मावशी तिच्या नखांचा रंग बघत राहायची, उद्या म्हातारीला कोणतं सूप द्यावं याचा विचार करत. बधिर झाली होती बिचारी. दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात, मग आपलाच गाल आपल्याला परका वाटतो, तशी.

आणि टिकून राहायचं कशासाठी, तर लेकीसाठी. लेकीची परीक्षा झाली होती आणि परदेशी नोकरीसाठी तिचे कागद त्याच एजन्सीकडे होते. एजन्सीचं साधं गणित होतं. आईचं काम चांगलं, तर लेकीला दार उघडं. आईच्या नावाला बट्टा लागला, तर लेकीलाही दार बंद.

तो रविवार होता. अर्ध्या दिवसाची सुट्टी. सकाळी मावशीनं म्हातारीला आंघोळ घातली, पावडर लावली. म्हातारीनं कंगवा मागून घेतला आणि स्वतःच्या हातानं भांग पाडला. वाकडा पाडला, पण पाडला. मग मावशी बाहेर पडली आणि दुपारभर बागेतल्या बाकावर बसून लेकीशी बोलली.

संध्याकाळी दार उघडलं तर म्हातारी खुर्चीत, चेहरा पांढराफटक. सकाळी ज्या हातानं भांग पाडला होता, तोच हात मनगटाशी फुगून टम्म झालेला. मॅडम फोनवर टॅक्सी बोलावत येरझाऱ्या घालत होती. मावशीकडे तिनं बघितलंही नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो काढला. हाड मोडलं होतं. मनगटाच्या वर कुणाच्या तरी बोटांचे निळे वळ होते. "हे कसं झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

मॅडम गर्रकन मावशीकडे वळली. "तू! सकाळी बाथरूममध्ये तूच ओढलंस हिला!"

"सॉरी, मॅडम," मावशी म्हणाली.

डॉक्टरांनी मान वर केली. मावशीनं स्वतःचा आवाज ऐकला, पण आपण काय बोललो ते कळायला तिला वेळ लागला. कळलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली. "नो, नो, मी नाही!" ती दोन्ही हात हलवत म्हणाली. पण बूंद से गई वो हौद से नहीं आती. डॉक्टर मॅडमशी हलक्या आवाजात बोलायला लागले होते. मॅडम डोळे पुसत होती. खरंच रडत होती ती, आणि म्हणूनच मावशीला खात्री पटली, हे हिचंच काम. दुपारी घरात तिसरं कुणी नव्हतं.

रात्री तिनं लेकीला फोन केला. झालं ते सगळं सांगितलं.

"आई, आता माझं काय होईल?" ती म्हणाली, आणि लगेच रडायला लागली. "तुझं काय होईल, असं म्हणायचं होतं गं मला."

"कळलं मला," मावशी म्हणाली. "झोप तू."

दुसऱ्या दिवशी एजन्सीवाली बाई आली. सोबत एजन्सीचा ड्रायव्हर. तो आपल्याकडचाच, त्या देशात मुरलेला. असं काही निघालं की दुभाषा म्हणून त्यालाच आणत. मावशीला पहिल्यांदा या घरी सोडायलाही तोच आला होता. सगळे स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसले. म्हातारी चाकाच्या खुर्चीत, हात प्लास्टरमध्ये. तिच्या मागे मॅडम, खुर्चीचा दांडा धरून.

"मावशी, त्या विचारतायत, तुम्ही केलं का?" ड्रायव्हर म्हणाला.

"नाही, दादा. देवाशपथ नाही."

"मग सॉरी का म्हणालात?"

"सवय हो मेली! आपल्याकडे नाही का म्हणत? वॉर्डात रोज म्हणायचो आम्ही. त्याचा अर्थ मी केलं असा थोडाच होतो?"

ड्रायव्हरनं सांगितलं. एजन्सीवालीच्या कपाळावर आठी पडली. मॅडम म्हणाली, कपाच्या वेळी हीच सॉरी म्हणाली होती, गीझरच्या वेळीही हीच. विचारा तिला. विचारलं. मावशीला "हो" म्हणावं लागलं. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण आत काही हललंच नाही. लेकीचं दार बंद होताना तिला दिसत होतं, आणि ती टेबलावर सांडलेल्या साखरेच्या कणांकडे बघत होती.

मग एजन्सीवालीनं खुर्ची ओढली आणि ती म्हातारीसमोर बसली. तिनं अगदी हळू विचारलं.

म्हातारीनं मावशीकडे बघितलं. मग मान वळवून मागे बघायचा प्रयत्न केला. मॅडम वाकली, आईच्या खांद्यावर हात ठेवून. म्हातारीचा खांदा कानाकडे चढला, आणि ती खाली बघत पुटपुटली. मावशीला तिच्या भाषेतलं फारसं कळत नसे, पण शेवटचा शब्द कळला. सॉरी.

"म्हणतायत, माझंच चुकलं," ड्रायव्हर म्हणाला. "मी पडले. कुणाचा दोष नाही. सॉरी."

तो सूर मावशीच्या ओळखीचा होता. मान किती खाली घालायची, आवाज कुठे बारीक करायचा, सगळं तेच. या घरात तिच्या आधीपासून कुणीतरी दाराला तेल घालत होतं, आणि रोज जिचे केस विंचरले तिच्याबद्दल मावशीला हे आज कळत होतं.

एजन्सीवालीनं मोठा सुस्कारा सोडला. पडल्या, तर पडल्या. पडताना कुणी सावरायला हात धरला असेल, म्हणून वळ. प्रश्नही तिचा आणि उत्तरही तिचंच. मावशीचं सॉरी कुणी खोटं मानायला तयार नव्हतं, आणि म्हातारीचं सॉरी मात्र सगळ्यांनी एका घोटात गिळलं. मॅडमही मान डोलावत होती.

"सुटलात, मावशी!" ड्रायव्हरचा चेहरा खुलला. "तुमच्या नावावर काही लागणार नाही. पोरीचंही काम होईल. तुम्हाला आजच दुसरं घर देतायत. पेटी भरा."

"आणि हिचं?"

"नवी बाई मिळेपर्यंत मॅडम बघतील की. आई आहे त्यांची."

एजन्सीवालीनं उठता उठता विचारलं, हिला काही सांगायचंय का?

"सांगायचंय," मावशी म्हणाली. "त्यांना सांगा दादा, म्हातारी पडली नाही. ती भितेय. ते सॉरी माझ्यासारखंच आहे, खोटं. हात मॅडमनं मोडलाय. तिला इथे एकटी ठेवू नका."

ड्रायव्हर तिच्याकडे झुकला. चांगला माणूस होता. घरी त्यालाही लेकी होत्या. "मावशी, गप बसा हो," तो हळूच म्हणाला. "पोरीचा विचार करा."

मग तो एजन्सीवालीकडे वळला आणि हसून दोन वाक्यं बोलला. मावशीला त्या भाषेतलं जे थोडंफार येत होतं, त्यात हे नक्की येत होतं. ही तुमचे आभार मानतेय, असं सांगितलं त्यानं.

एजन्सीवाली मावशीकडे बघून हसली. मॅडमही हसली.

म्हातारी तेवढी हसली नाही. ती मावशीकडेच बघत होती. मावशीचा हात टेबलावर होता, मॅडम समोर उभी होती, आणि बोट दाखवायला भाषा लागत नाही.

मावशीनं हात टेबलावरून काढून मांडीवर घेतला.

"थँक्यू," ती म्हणाली, आणि पेटी भरायला उठली.