माझ्या अँटेना कुणाला दिसत नाहीत

मी बोलतोय, आर्णीच्या कापूस सल्ला केंद्रातल्या आतल्या खोलीच्या छतावरून. गोल, पांढरा, ताटलीएवढा. माझ्या खोक्यावर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ असं लिहिलं होतं. लोक मला वायफायचा डबा म्हणतात. माझ्या अँटेना पोटात आहेत. त्या कुणाला दिसत नाहीत, हेच माझं दुखणं.

मला निवडलं गझालाने. ती बंगळुरूला शिकून परतली, ते बोंडअळीचं साल होतं, २०१७. बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये तिने हे केंद्र काढलं. शेतकऱ्याने किडकं बोंड कॅमेऱ्यासमोर धरायचं आणि दूरच्या कीटकतज्ज्ञाने पाहून सल्ला द्यायचा. ‘विचारायला कुणी नव्हतं म्हणून चुकलो, असं आता कुणाचं होणार नाही,’ असं ती येईल त्याला सांगे. दुकानात मला हातात घेऊन ती म्हणाली होती, “हाच. किती नीटनेटका आहे!” त्या वाक्यावर मी आजही जगतो.

तिचे चाचा बशीर वायरमन. त्यांनी मला पंचवीस फूट उंच टिनाच्या छताखाली बसवलं आणि शिडीवरून उतरून हसले.

“काय आणलं वं हे? याले ना शिंगं, ना शेपूट!”

“चाचा, त्याच्या अँटेना आत आहेत.”

“आत ठेवून लोणचं घालाचं काय त्याचं?”

मला राग आला. पण शेड लांबलचक होती. एवढ्या उंचीवरून खाली पोचेपर्यंत माझ्यात जोरच उरत नसे. चौथ्या दिवशी चाचांनी तो दुसरा डबा आणला. काळा, तीन उभ्या अँटेनांचा. तो मधल्या खांबावर ऐटीत बसला आणि मी आलो या ठेंगण्या खोलीत.

उघड्या दारातून मला सगळं दिसे. जो तो त्याला हात लावी. देवराव नावाचे म्हातारे तर रोज एखाद्या अँटेनाचं टोक स्वतःच्या मोबाइलकडे वळवत, वाफ्याकडे पाइप वळवावा तसं. खरं म्हणजे टोकाच्या दिशेला सिग्नल सगळ्यात कमी असतो; तो निघतो अँटेनाच्या अंगातून, आजूबाजूला. मला ठाऊक होतं. पण मला कोण विचारतो? माझ्यावरची धूळही कुणी पुसत नव्हतं.

एका दुपारी इंदूबाई आल्या, ओल्या फडक्यात बोंडं बांधून. मागच्या फवारणीत त्यांचा मुलगा अंकुर चक्कर येऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पडला होता. दोन दिवस दवाखान्यात होता.

“साहेबाले येवढंच विचार बेटी,” त्या गझालाला म्हणाल्या. “पोराले उद्या पुन्हा औषध माराले धाडू का नको?”

मोबाइलवर कीटकतज्ज्ञ साहेबांचा चेहरा आला, थिजला, गेला. देवराव मदतीला उठले. त्यांनी तिन्ही टोकं नेमकी इंदूबाईंवर रोखली.

“घ्या इंदूबाई, आता सारं तुमालेच!”

कॉल तुटलाच.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? फजिती व्हावी तर त्याचीच, असं वाटलं.

इंदूबाई फडक्याची गाठ मारू लागल्या. “राहू दे बेटी. साहेबाची जायाची वेळ झाली. जाईल अंकुर उद्या.”

तेव्हा माझा आनंद आंबला. आत आणा त्यांना, माझ्याखाली आणा, असं ओरडावंसं वाटलं. गझालाने मोबाइल उचलला, इंदूबाईंचा हात धरला आणि त्यांना थेट माझ्याखाली आणून बसवलं.

इथे छत हाताला लागेल एवढं. इथे मी राजा. कॉल पुन्हा लागला आणि चित्र एकदाही थिजलं नाही. गझालाने बोंड चिरून दाखवलं. आत गुलाबी अळी.

“फवारू नका,” साहेब म्हणाले. “अळी बोंडात शिरली की औषध तिच्यापर्यंत जातच नाही. पोराला पाठवू नका. किडकी बोंडं तोडून नष्ट करा.”

इंदूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. बाहेर देवराव सगळ्यांना सांगत होते, “पाह्यलं? म्या शिंगं वळवली म्हणून लागला!”

जाता जाता इंदूबाई खांबापाशी थांबल्या. त्याच पदराने त्यांनी त्या काळ्याच्या तिन्ही अँटेना पुसल्या आणि हात जोडले.

मी जळलो. अजून जळतो. तरी खरं तेच सांगतो. उंच, लांब शेड असेल तर त्यालाच घ्या, फक्त त्याची टोकं स्वतःवर रोखू नका. ठेंगणी खोली असेल तर मला घ्या. शिंगं मोजू नका, आधी छत बघा.

अंकुर दुसऱ्या दिवशी फवारायला गेला नाही. कुणामुळे, ते त्याच्या आईला कुणीतरी सांगा.