सहावी सही येईपर्यंत

मित्रांनो, माझ्या पोटात आज चाळीस टन काच थिजून बसली आहे. मी बाटल्यांच्या कारखान्यातली भट्टी. जुनी आहे खरी, पण म्हातारपणानं मेले नाही. मला कुणी आणि कसं मारलं, तेवढं ऐका.

मी उष्णता सोसणाऱ्या विटांची. मला पेटवायला तीन आठवडे लागले, कारण घाई केली तर विटा तडकतात. वस्तादांनी, म्हणजे भट्टीच्या मुख्य मिस्त्रींनी, त्या तीन आठवड्यांत घराचं तोंड पाहिलं नाही. काचभट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझवायची नसते. सुट्टी असो, संप असो, आच चालूच. मी अकरा वर्षं जळले. औषधाच्या बाटल्या, बरण्या, दिव्यांच्या काचा, किती म्हणून सांगू! पाहुणे आले की मालक त्यांना आधी माझ्याकडे आणायचे. वस्तादांची बायको मला सवत म्हणायची. कौतुकाचे दिवस होते ते.

मग मालकांनी झेपणार नाही एवढं कर्ज काढून दुसरा कारखाना उभारला आणि तोंडावर आपटले. बँकेनं ते बुडतं कर्ज पाव किमतीत विकून टाकलं. घेतलं सहा फंडांनी. फंड म्हणजे लोकांची शिल्लक गोळा करून गुंतवणाऱ्या संस्था. एरवी एकमेकांच्या पायात पाय घालणारे हे सहा जण दिवाळखोरीच्या खटल्यात मात्र गळ्यात गळे घालून उभे राहिले. तिथं ज्याचं येणं मोठं त्याची मतं जास्त. एकत्र आले की मतं आणखी वाढतात, आणि ज्याची मतं जास्त तोच कारखान्याचं काय करायचं ते ठरवणार. ऐंशी कामगारांचा सात महिन्यांचा पगार थकला होता. पण त्यांच्या मताला विचारतो कोण? आपापसात मात्र सहा जणांनी नियम केला होता, की सहाही सह्या झाल्याशिवाय एक पैसा खर्चायचा नाही. एवढा त्यांचा एकमेकांवर विश्वास!

एक गिऱ्हाईक तयार होतं. दुसऱ्या गावच्या एक कारखानदार बाई. "भट्टी तापलेली असेल तर कारखाना माणसांसकट घेते," असं त्यांनी लिहून दिलं होतं. पुढच्या बुधवारी त्या पाहायला येणार होत्या. ऐंशी घरांचा जीव त्या बुधवारात अडकला होता.

तेवढ्यात गॅस कंपनीनं कळवलं, शुक्रवारपर्यंत पैसे भरा, नाहीतर गॅस बंद. फंडांचा एक माणूस कारखान्यात बसायचा. सगळे त्याला चष्मेवाला म्हणत. वस्ताद त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"साहेब, बुधवारपर्यंतचा गॅस भरा. जास्त काही मागत नाही."

"काका, काम बंद आहे. रिकामी भट्टी जाळून काय मिळणार?"

"रिकामी कुठंय? पोटात काच आहे तिच्या. थिजली की दगड. मग भट्टीच फोडावी लागते. बाई थंड भट्टी घेणार नाहीत, साहेब."

चष्मेवाला वाईट नव्हता. त्यानं लगेच सहाही ठिकाणी कळवलं. गुरुवारपर्यंत पाच सह्या आल्या. घोडं अडलं सहाव्यापाशी. "उद्या सकाळी नक्की होईल, निश्चिंत राहा," असं त्याच्या कचेरीतून सांगितलं. शुक्रवारी दुपारी कळलं, साहेब सुट्टीवर गेलेत, सोमवारी येतील. उरलेल्या पाचांपैकी कुणी सहाव्याचा वाटा उचलावा? छे! वस्तादांनी सगळ्यांच्या नाकदुऱ्या काढल्या. चार वाजता गॅस बंद झाला.

आधी माझ्या ज्वाळा गेल्या. मग काच लाल झाली, मग काळवंडली. रविवारी माझं छत तडकलं. खाली स्टुलावर बसलेले वस्ताद एवढंच म्हणाले, "गेली."

सोमवारी साडेदहाला सहावी सही आली. मंजूर!

बुधवारी बाई आल्या. त्यांनी माझ्या भिंतीला तळहात लावला. अकरा वर्षांत तशी कुणाची हिंमत झाली नव्हती.

"वस्ताद, एक फोन करायचा होता. पाच दिवसांचा गॅस मी भरला असता."

वस्ताद खाली बघत म्हणाले, "सही येणार होती, बाई."

बाई गेल्या. फंडांचं काही बिघडलं नाही. जमीन आणि पत्रे विकून त्यांनी घातलेल्या पैशांचे दुप्पट केले. कामगारांच्या तोंडाला पानं पुसली. वस्ताद आता एका गोदामाच्या फाटकावर बसतात, आणि मला फोडायला येणाऱ्यांचा अजून भाव ठरतो आहे.

मित्रांनो, या ठिकाणी आम्ही वस्तूंनी 'आम्हाला जपा' म्हणायचं असतं. मला जपण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि माझा राग अजून गेलेला नाही. पण तुमच्यापैकी काही जण उद्या सही करायच्या खुर्चीत बसतील. त्या दिवशी नाही म्हणायचं असेल तर खुशाल नाही म्हणा, पण तोंडावर आणि वेळेत म्हणा. गुरुवारी त्या सहाव्यानं स्वच्छ नकार दिला असता, तरी वस्तादांनी बाईंना फोन केला असता.