दोन कॅमेऱ्यांच्या मधे

परशुराम तरे सकाळी पिकअपमध्ये मासळी भरून कल्याणहून नाशिकला निघाले आणि दुपार झाली तरी पोचले नाहीत. माल घेणाऱ्या व्यापाऱ्याने त्यांच्या मुलीला, प्राप्तीला, फोन केला. ती ठाण्याला ऑफिसात होती. तिने बाबांना फोन लावला. बेल वाजत राहिली.

शहाडहून तिचा नवरा सुदेश बाईक घेऊन हायवेला लागला. घाटापर्यंत जाऊन परत येताना त्याने कळवलं की कुठे अपघात नाही, बंद पडलेली गाडी नाही, ढाब्यावरही कोणी त्यांना पाहिलेलं नाही. पोलीस चौकीत त्याला सांगितलं, संध्याकाळपर्यंत वाट बघा, थांबले असतील कुठेतरी. पण मासळी भरलेली असताना बाबा कुठे थांबायचे नाहीत. बर्फ वितळतो.

आईला, सगुणाला, काय सांगायचं या विचारात असतानाच प्राप्तीला बाबांचं याच हायवेवरचं गेल्या महिन्यातलं चलान आठवलं. कॅमेरा दिसल्यावर मी ब्रेक मारलेला, मग दंड कसा, म्हणून ते तणतणत होते. तिनेच त्यांना समजावलं होतं की तिथे कॅमेरे दोन आहेत, एक टप्प्याच्या सुरुवातीला, एक शेवटी. दोन्ही नंबरप्लेट वाचतात आणि वेळ नोंदवतात. मधलं अंतर ठरलेलं असतं. ते फार लवकर कापलं, तर गाडी मधे जोरात पळाली हे कळतंच, मग कॅमेऱ्याखाली कितीही हळू जा.

म्हणजे आजही त्यांचा नंबर तिथे नोंदला गेला असणार.

तिने रिक्षा पकडली आणि ती वाहतूक पोलिसांच्या नियंत्रण कक्षात गेली. तिथल्या अधिकारी तुळसा भोईर यांनी आधी नकार दिला. कोणी येऊन विचारलं म्हणून अशी माहिती देता येत नाही, म्हणाल्या.

"मॅडम, स्पीड किती होता ते नकोय मला," प्राप्ती म्हणाली. "दुसऱ्या कॅमेऱ्याखालून गेले का, एवढंच सांगा."

तुळसाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि नंबर लिहून घेतला.

पहिल्या कॅमेऱ्यात सकाळची नोंद होती. फोटोत काचेमागे बाबांची पांढरी टोपी दिसत होती. दुसऱ्या कॅमेऱ्यात काहीच नव्हतं. प्लेटला चिखल असला तर नंबर वाचला जात नाही, असं म्हणत तुळसाबाईंनी त्यानंतरच्या गाड्यांचे फोटो एकेक करून उघडले. बाबांच्यासारखी पांढरी पिकअप आली की प्राप्ती पुढे वाकून चेहरा बघायची. प्रत्येक वेळी चालक दुसराच निघायचा.

"अशी गाडी मधेच राहिली तर तुम्हाला कळत नाही का?" तिने विचारलं.

"दोन्ही नोंदी आल्या की हिशोब होतो. दुसरी आलीच नाही, तर मशीन गप्प बसतं."

मधे एकच फाटा होता, तोही कच्चा. भरलेली गाडी बाबा तिकडे घालणार नाहीत, याची प्राप्तीला खात्री होती. पण नवऱ्याने तर सगळा रस्ता पाहिलाय, असं ती म्हणाली.

"रस्ता पाहिला," तुळसाबाई म्हणाल्या. "खाली उतार आहे. तो बाईकवरून दिसत नाही."

त्यांनी गस्तीच्या गाडीला त्या टप्प्यात कडेने पायी शोधायला सांगितलं. सुदेशही पोलिसांबरोबर चालू लागला. प्राप्ती फोन कानाला लावून बसली. ट्रकचे आवाज, सुदेशचा श्वास, गवताची सळसळ. पावसाळा नुकताच सरलेला, गवत कमरेएवढं वाढलेलं.

मग सुदेश म्हणाला, "खाली घारी फिरतायत. कावळेपण."

प्राप्तीने डोळे मिटले. मासळी सांडली होती तिथे. आणि बाबा?

फोनवर दगड घसरल्याचा आवाज आला. पोलीस काहीतरी ओरडले. मग नुसती खरखर. तुळसाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढला नाही.

"प्राप्ती," सुदेश धापा टाकत म्हणाला, "पाय अडकलाय. पण बोलतायत. पाणी मागतायत."

ती टेबलावर डोकं टेकून रडली.

टायर फुटून पिकअप उतारावरून खाली गेली होती आणि झाडीने तिला झाकून टाकलं होतं. फोन सीटखाली वाजत होता, हात पोचत नव्हता. डॉक्टरांनी डावा पाय वाचवला, पण क्लच दाबण्याइतकी ताकद त्यात परत आली नाही. परशुरामांनी गाडी चालवणं सोडलं. आता ते कल्याणच्या बाजारात सगुणाशेजारी बसून मासळी विकतात. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की वैतागतात, आणि सगुणा त्यांना गप्प बसवते.