तिकिटावरचे सहा तास

बसडेपोतला फलक आणि तिकीट यांची वेळ पहिल्या बसआधी जुळली, तर सेनाइतला कायमची नोकरी आणि खिडकीजवळची खुर्ची मिळणार होती. नाही जुळली, तर नोकरी आणि खुर्ची डेपोप्रमुख गाशे वुबशेत यांच्या भाच्याला.

आदिस अबाबात आम्ही तास उजाडल्यापासून मोजतो. संगणकाचे सात म्हणजे आमचा एक. सेनाइतने फलकाच्या सी भाषेतल्या प्रोग्रामलाच सुरुवातीला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्राम चालताना पाहतो ती नोंद, भरायला लावलं: घड्याळ सहा तास मागे. फलकाने बाहिर दार शहराला जाणाऱ्या बसची वेळ एक दाखवली. तिकिटावर मात्र सात छापले.

"पोरी, हे तिकीट घेणारा माणूस सात म्हणजे दुपारी जेवणानंतर समजून येईल," गाशे म्हणाले. "बस काय त्याच्या घरी पाठवू?"

सेनाइत ताडकन उठली. "गाशे, सापडलं. प्रोग्रामने भरलेलं त्याला आणि त्याच्या पोरांनाच, म्हणजे त्याने स्वतः सुरू केलेल्या प्रोग्रामांनाच मिळतं. तिकिटाचा प्रोग्राम वेगळा सुरू होतो, तो नुसता शेजारी."

"मग घे दत्तक."

"तेच करतेय."

तिची बोटं थांबेनात. आता वेळ भरून झाली, की फलकाचाच प्रोग्राम तिकिटाचा सुरू करणार होता. प्रवाशांची रांग माना उंचावून बघत होती. यंत्र घरघरलं. गाशेंनी तिकीट उजेडात धरून दोनदा वाचलं: एक.

खुर्ची सेनाइतला मिळाली. भाचा वाट पाहतच राहिला. चाचणीची दोन्ही तिकिटं मात्र विक्रीच्या हिशोबात खरीच धरली गेली होती, त्यांचे पैसे गाशेंनी भरले.